ड्रमवरचा पहारा

“सर, तुमच्या घरचा ओला कचरा मला द्याल का?”

भर वर्गात उभं राहून हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली आणि भिंगरीनं ती जिंकलीसुद्धा! वर्ग खो खो हसला. विज्ञानाचे सर मात्र गंभीरपणे म्हणाले, “देतो की. पण रविवारी तुझ्या गॅसवरचा चहा पाजायचा.”

“चहाच काय सर, जेवूनच जा!”

परसात भिंगरीनं मोठ्या ड्रममध्ये लहान ड्रम उपडा बसवला होता. खाली साली, शिळंपाकं आणि शेण. ते कुजलं की गॅस व्हायचा आणि वरचा ड्रम आळस देत उठल्यासारखा वर यायचा. नळीच्या टोकाला निळी ज्योतही पेटायची! बाबांची अट एकच होती, “रविवारी चहा झाला नाही, तर ड्रम भंगारात आणि त्या जागी माझी स्कूटर.”

आणि नेमका गुरुवारपासून ड्रम मान खाली घालून बसला!

“चोरी!” भिंगरीनं ठरवून टाकलं. संशयित? कुंपणापलीकडच्या काकू. हल्ली त्यांच्याकडे सारखा चहा उकळत असायचा!

“काकू, गॅस पुरतो ना तुम्हाला?” तिनं डोळे बारीक करून विचारलं.

“पुरतो. का गं?”

“सहज. शेगडीची नळी कुठून आलीय?”

“अगं, सिलिंडरमधून! ताप आलाय का तुला?”

विषय बदलतायत! भिंगरीचा संशय दुप्पट झाला.

रविवारी सकाळी ती वाळत घातलेल्या चादरीआड दबा धरून बसली. चोर आलाच! पण ती आई निघाली. इकडेतिकडे बघत तिनं ड्रममध्ये फुलांच्या वासाचं फिनेल ओतलं आणि पसार झाली. पाठोपाठ मांजराच्या पावलांनी बाबा, हातात साबणाच्या पाण्याची बादली!

चादरीसकट भिंगरी बाहेर पडली. “स्कूटरसाठी एवढं?”

बाबांच्या हातातली बादली सुटली. “तुझी शपथ, स्कूटरसाठी नाही! सर येणार, वास नको म्हणून रोज थोडं थोडं... आईला सांगू नकोस, साबण तिचा आहे.”

“मीही रोज थोडंच टाकत होते,” दारातून आईचा बारीक आवाज आला.

तेवढ्यात कचऱ्याची पिशवी सांभाळत सर हजर! त्यांनी काडी ओढली. ज्योत नाही. दुसरी ओढली. छे! मग ड्रमशी नाक नेऊन ते संशयानं म्हणाले, “बागेत आल्यासारखं वाटतंय. कचरा कुजवणारे बिचारे जंतू कुणी आंघोळ घालून मारले?”

आई आभाळाकडे बघू लागली, बाबा स्कूटरकडे.

सरांसाठी चहा घेऊन काकू केव्हा मागे येऊन उभ्या राहिल्या, ते भिंगरीला कुठलं कळायला! तिनं कमरेवर हात ठेवले.

“आई, बाबा, माझं ठरलंय. ड्रम भंगारात जाणार नाही. तो आजच काकूंच्या परसात जाणार! अख्ख्या गल्लीत तेवढं एकच घर आहे, जिथं कधी कुणी काही घासत नाही!”