हालचालीचा दिवा

सृष्टीचा नियम कडक आहे: परिस्थिती बदलली की प्राण्याने बदलायचे, नाहीतर जागा रिकामी करायची. सरडा रंग बदलतो, काही किडे वाळक्या काटकीचे सोंग घेतात, आणि आमच्या नोंदणी विभागातले काका, साहेब दिसताच, हातात पेन धरून निश्चल होतात. ही कला त्यांनी आयुष्यभराच्या तपश्चर्येने कमावली. फाइलींच्या ढिगाशी ते असे एकजीव होत, की एकदा शिपायाने टपाल त्यांच्या खांद्यावर ठेवले. (काकांनी तेही पडू दिले नाही.)

अशा सुखी अरण्यात नवे साहेब आले. विजेची बचत आणि कामाचे मोजमाप असे दोन पक्षी एका दगडात मारण्यासाठी त्यांनी प्रत्येक टेबलाच्या वर, छताला, हालचालीचा दिवा बसवला. माणूस हलला की दिवा लागतो, थांबला की विझतो, आणि तो किती वेळ जळला याचा हिशेब थेट मुख्य कार्यालयात जातो. महिनाअखेरीस ज्याचा आकडा सगळ्यांत कमी, त्याचे पद रद्द. योजना इतकी न्याय्य होती, की तिच्यात कामाचा कुठेच संबंध येत नव्हता.

निसर्गाला ज्यासाठी लाखो वर्षे लागतात, ते आम्ही जेवणाच्या सुट्टीआधी उरकले. टंकलेखक बाई पाय झुलवू लागल्या. हिशेबनिसाने बेरजा सोडल्या, कारण बेरीज करताना माणूस हलत नाही. रोखपाल सतत मान डोलवू लागले. घरीही ती थांबेना, त्यामुळे लग्नानंतर प्रथमच आपले कुणीतरी ऐकतेय असे त्यांच्या बायकोला वाटले.

काका तेवढे अंधारात राहिले. निवृत्ती दोन वर्षांवर, लेकीचे शिक्षण अर्ध्यावर. काकूंनी डब्यासोबत ताकीद दिली, "काहीही करा, पण हला." काका हलले. दुपारी पाठीत उसण भरली. मला खरेच फार वाईट वाटले, पण मी पाय झुलवत होतो.

मग सृष्टीनेच लक्ष घातले. काकांच्या दिव्यावर एक पाल राहायला आली. पाल हलली की दिवा लागे, दिवा लागला की किडे येत, किडे आले की पाल हले. खाली काका गाढ झोपत. आठवड्याभरात अहवालात ते विभागात पहिले आले. सुट्टीच्या दिवशीही त्यांचे काम अखंड चालू असल्याची नोंद झाली. (साहेबांच्या मनात पाल चुकचुकली नाही. ती कामात होती.)

साहेब बिचारे खोलीत बसून दिवसभर हेच अहवाल वाचत. अगदी तल्लीन होऊन, काळोखात.

महिनाअखेरीस आदेश आला. रद्द झालेले पद साहेबांचे होते. त्यांनी विभागातल्या सर्वांत कार्यक्षम माणसाला, म्हणजे काकांना, बोलावून विचारले, "यात काही चूक तर नाही ना हो?"

काका डोळे चोळत म्हणाले, "यंत्र आहे साहेब. आपणच आणलंय."

साहेबांनी पोचपावतीवर सही करायला हात उचलला, तसा डोक्यावरचा दिवा लख्ख लागला. पण नियमाप्रमाणे ती हालचाल पुढच्या महिन्यात धरली जाणार होती.

तुम्ही हसताय, हसा. मात्र हे वाचायला घेतल्यापासून तुमचे फक्त डोळे हलताहेत, आणि डोळ्यांची हालचाल यंत्र धरत नाही.