ढाक्यांना सुचवलेले आल्बम

भुसावळला एखादा आल्बम दुसऱ्याला सुचवला की सुचवणाऱ्याला तो ऐकू येणं बंद होतं, आणि समोरच्याला तो मनापासून आवडला तरच परत ऐकू येतं. बाहेरगावचे लोक यावर पहिला प्रश्न विचारतात तो कानाच्या डॉक्टरला दाखवलं का हा. दाखवलं आहे. कान स्वच्छ निघाले. डॉक्टर स्वतः भुसावळचेच असून त्यांनी मेहुण्याला सुचवलेला सॅक्सोफोनचा एक आल्बम त्यांनाच अकरा वर्षं ऐकू आलेला नाही, त्यामुळे त्यांनी फार खोलात जाऊन तपासलंही नाही.

इतर गावांत लोक उठसूट आल्बम सुचवत असतात. आमच्याकडे माणूस मुलीसाठी स्थळ बघावं तसा महिनोन्‌महिने विचार करतो. आल्बमचं नाव, गाणाऱ्याचं नाव आणि त्यापुढे 'एकदा ऐकाच' एवढे शब्द तोंडातून गेले की व्यवहार पक्का झाला, मग माघार नाही. 'छान आहे हो' हे वाक्य दुसरीकडे खपतं, इथे घरी जाऊन सुई टेकवली की खोटं उघडं पडतं. माझ्या साडूंना मी एका बाईचा आल्बम सुचवला होता. मागे फक्त पियानो आणि उभा बास, आणि बाई अशी गायची की उन्हाळा सुसह्य व्हावा. साडू म्हणाले, 'झकास.' मी घरी आलो, तबकडी लावली, ती मुकाट्याने फिरत राहिली. या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. साडूंशी मी लग्नकार्यात बोलतो, पण जेवढ्यास तेवढं.

अशा प्रकरणांची नोंद राहावी म्हणून गावात जॅझ व सुगम स्वर श्रवण मंडळ आहे. मी त्याचा सचिव, भंगाळे. रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसातून निवृत्त झालो, त्यामुळे नोंदी ठेवायची सवय आहे. मंडळाच्या वहीत कोणी, कोणाला, कोणता आल्बम सुचवला हे लिहिलेलं असतं आणि शेवटी एक रकाना असतो, 'परत आला का'. तो बहुतेक कोराच असतो.

आता ढाक्यांकडे येतो. विनायकराव ढाके लोकोशेडमध्ये बॉयलर फिटर होते. आयुष्यभर इंजिनांच्या पोटाशी काम केल्यामुळे निवृत्त होईपर्यंत दोन्ही कान गेले. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे पाटीवर लिहून. ते रोज दुपारी चार ते सहा ओट्यावर बसत आणि पाटी शेजारी ठेवत. येणारे-जाणारे हात करत आणि पुढे जात. पाटीवर लिहायला वेळ कोणाला आहे?

सहा वर्षांपूर्वी मला वेळ मिळाला, आणि त्याचं कारण माझे शेजारी डिमेलो. डिमेलो म्हणजे निवृत्त गार्ड, सज्जन मनुष्य, बायको गेलेली. ते रोज सहाच्या ठोक्याला एकच आल्बम लावत. 'स्लिपर्स ॲट सिक्स', गाणारा लिओनार्ड क्विल, मागे बेचाळीस व्हायोलिनं. हा क्विल कोमट दुधाने गुळण्या केल्यासारखा चिकट गायचा. आमच्या दोन घरांत भिंत एकच. चौदा वर्षं मी ती बेचाळीस व्हायोलिनं संध्याकाळच्या चहाबरोबर गिळली. भिंतीवर मूठ आपटून पाहिली, तर डिमेलोंना वाटलं मी ठेका धरतोय.

मग एका दुपारी मला नियमातली फट दिसली. मी ढाक्यांच्या ओट्यावर गेलो आणि पाटीवर लिहिलं, 'स्लिपर्स ॲट सिक्स, लिओनार्ड क्विल. एकदा ऐकाच.' ढाक्यांनी ते वाचलं, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. म्हातारा माणूस, असेल सवय, असं मला वाटलं. सहा वाजता भिंतीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, खोकल्याचा आला, क्विलचा आला नाही. त्या दिवशी मी चहा दोनदा घेतला.

हे मी स्वतःपाशी ठेवायला हवं होतं. पण माणूस आहे, रविवारच्या सभेत बोलून गेलो. पुढच्या आठवड्यात ढाक्यांच्या ओट्याखाली रांग लागली. फर्निचरच्या दुकानासमोर राहणाऱ्यांनी दुकानात दिवसभर वाजणारा पियानो सुचवला. हॉटेलात जेवताना छळणारे, दवाखान्यात ताटकळताना छळणारे, भाच्याने स्वतः ट्रंपेट वाजवून काढलेले, सगळे आल्बम ढाक्यांच्या नावावर चढले. मंडळाचे अध्यक्ष वारके सर यांची सून सकाळी व्यायामाला कुजबुजत्या आवाजाच्या एका बाईचे तीन आल्बम आलटून पालटून लावते, त्यामुळे सर तीनदा गेले. ढाके प्रत्येकाचा आल्बम एका वहीत सुवाच्य अक्षरात लिहून घेत आणि प्रत्येकाचा हात दोन्ही हातांत धरत. गावात अशी शांतता नांदली की लोकांचे रक्तदाब उतरले.

या एप्रिलमध्ये ढाक्यांची मुलगी वनिता नाशिकहून आली आणि तिने वडिलांना कानाचं मशीन बसवून दिलं. मशीन लागल्यावर ढाक्यांनी पहिल्यांदा ऐकला तो घरातला कूलर. 'हे किती वर्सांपासून असं बोंबलून राह्यलं?' असं त्यांनी विचारलं म्हणतात. त्यानंतर त्यांनी वही काढली, वनिताने त्यातले आल्बम जमवून आणले आणि ते ऐकायला बसले.

सोमवारी फर्निचरचा पियानो परत आला. मंगळवारी भाच्याचं ट्रंपेट. बुधवारी पहाटे वारके सर दात घासत असताना ती कुजबुजणारी बाई त्यांच्या कानाशी आली आणि सरांनी पेस्ट गिळली. ढाक्यांना सगळं आवडत होतं. बावीस वर्षं उपाशी राहिलेला माणूस पानात काय वाढलंय ते बघत नाही. गुरुवारी मंडळाची तातडीची सभा झाली. ढाके यांनी मशीनचा वापर संभाषणापुरताच मर्यादित ठेवावा, अशी विनंती सचिवांनी समक्ष भेटून करावी, असा ठराव एकमताने झाला. सूचक वारके सर.

माझा क्विल मात्र अजून परत आला नव्हता. रोज सहा वाजता मी श्वास धरून बसायचो. वहीत माझं नाव पहिलं होतं, म्हणजे ढाक्यांनी तो ऐकला असणारच.

शुक्रवारी निघताना माझ्या बायकोने, शैलजाने, ढाक्यांसाठी बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा हातात दिला आणि विचारलं, "तिथे जाऊन नेमकं काय सांगणार तुम्ही?"

"मंडळाची अडचण सांगणार."

"म्हणजे, आम्ही तुमच्या कानात केर टाकत होतो, तेवढे कान परत बुजवून घ्या, असंच ना?"

"ठरावाची भाषा बरी आहे," मी म्हणालो.

"बिबड्या आधी द्या मग," ती म्हणाली, "नंतर घेणार नाहीत ते."

ढाके इस्त्रीचा सदरा घालून आतल्या खोलीत बसले होते. कूलर बंद होता, त्यामुळे खोली तापली होती. टेबलावर डिमेलोंचं रेकॉर्ड प्लेअर होतं आणि त्यावर निळ्या कव्हरातला 'स्लिपर्स ॲट सिक्स'.

"डिमेलोसायबानं सोता आनून दिलं," ढाके म्हणाले. त्यांचा आवाज मी प्रथमच असा हळू ऐकला. "मी त्याले सांगतलं, भंगाळे सायबानं हा माह्यासाठी सोडला. तर त्याच्या डोळ्यात पानी आलं. म्हने, मॅन, मला कधी बोलला नाही."

मी बिबड्यांचा डबा पुढे केला.

"बसा. तुमच्यापाशी बोलायचंच व्हतं." त्यांनी वहीवर हात ठेवला. "मले एक सांगा, बहिऱ्याले कोनी आल्बम सुचवतं का? सुचवला तं गेलाच समजा, जनमभरासाठी. भुसावयमधी लहान लेकराले बी हे माहीत हाये. तरी तुम्ही आले. तुमच्या मागून सारं गाव आलं. जो तो आपला लाडका आल्बम माह्या पदरात टाकून जाये, अन् घरी जाऊन सोता त्याच्याबिगर राहे. बावीस वर्सात माह्या पाटीवर डाळ-तांदळाशिवाय कोनी काही लिहिलं नव्हतं भो. वारके सर तं तीनदा आले."

"हो," मी म्हणालो, "सरांचा स्वभावच तसा आहे."

"वनिता किती वर्सांपासून मशीनचं म्हने. मी म्हनत व्हतो, आता काय आयकायचं राह्यलं? मंग वाटलं, मरायच्या आधी लोकाईचं लोकाईले परत द्यावं. म्हून बसवलं."

ठराव माझ्या खिशात होता. मी खिशावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

ढाक्यांनी मान खाली घातली. "साऱ्यांचं परत चाललं हाये. पन ज्याचा पह्यला हक्क त्याचंच जमत नाही. तुमचा आल्बम मी नऊ डाव लावला. आवडतच नाही ना. तो मानूस मले..." त्यांना शब्द जड जात होता. "चिकट वाटते. माफ करा. तुम्ही सहा वर्स त्याच्याबिगर काढले, अन् मले तो आवडून बी घेता येत नाही."

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. उभ्या गावात माझ्याशी सहमत असलेला हा एकटाच माणूस, आणि तोही त्याच शब्दात. ती सहा वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली सहा वर्षं होती. आता फक्त 'जाऊ द्या, मनाला लावून घेऊ नका' एवढं म्हणून उठायचं, की माझी संध्याकाळ मरेपर्यंत माझी. मी म्हणणारच होतो. पण ढाक्यांनी तेवढ्यात दहाव्यांदा सुई उचलली, आणि आवडून घ्यायची तयारी म्हणून सदऱ्याची कॉलर नीट केली.

मला लाज वाटली. असं मी सहसा लिहीत नाही, इतिवृत्तात त्याला रकाना नाही.

"तसं नका लावू," मी म्हणालो. "तिसरं गाणं लावा. आणि शब्दांकडे लक्ष देऊ नका, ते कोणालाच कळत नाहीत."

त्यांनी तिसरं लावलं. मला अर्थात काहीच ऐकू येत नव्हतं. पण चौदा वर्षं रोज मार खाल्लेल्या माणसाला प्रत्येक फटका कुठे बसतो ते पाठ असतं. मी सुईकडे बघत बोलत राहिलो. "आता व्हायोलिनं वर चढतील. चढू द्या. आता ती थांबतील. तो एकदम आत शिरणार नाही. बघा, मालगाडी आऊटर सिग्नलला उभी करावी तसा सगळा ताफा थांबवून ठेवलाय त्याने. आता येईल."

"आला," ढाके म्हणाले.

"ढाके, तुम्ही वाफ सोडायचात ती कशी सोडायचात?"

"एकदम नाही. एकदम सोडली तं समोरचा भाजते. व्हॉल्व्हचा पाव आटा फिरवायचा, थांबायचं, मंग पाव आटा."

"मग आता त्याचा श्वास धरा. ही ओळ लांब आहे. तो कुठे सोडतो ते बघा."

ढाके पुढे झुकले. ओळ संपली असावी, कारण त्यांनी बोट वर केलं आणि मला गप्प केलं. मग सुई उचलून त्यांनी ती पुन्हा मागे नेली. परत ऐकलं. उजवा हात टेबलावर आला आणि अंगठा व दोन बोटं न दिसणाऱ्या व्हॉल्व्हवर पाव-पाव आटा फिरू लागली.

"जरा बी वाया घालवत नाही हा," ते स्वतःशीच म्हणाले. "एवढी लांब ओळ, अन् शेवटाले अजून दाब हाये त्याच्यापाशी. कुठं शिकला बुवा?"

तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. चेहऱ्यावरचा ताण गेला, खांदे खाली आले, आणि एका शब्दाच्या मधूनच लिओनार्ड क्विल माझ्या कानात शिरला. पाठोपाठ बेचाळीस व्हायोलिनं. सहा वर्षांत त्यातलं एकही कमी झालं नव्हतं.

गाणं पूर्वी होतं तितकंच भिकार होतं. ढाके म्हणत होते तो श्वास मला अजिबात दिसला नाही, मला नेहमीचं कोमट दूधच ऐकू आलं. पण ढाके डोळे मिटून ऐकत होते, म्हणून बाजू संपेपर्यंत मी हललो नाही.

सुई उचलल्यावर त्यांनी घाबरत विचारलं, "आलं का परत?"

"आलं," मी म्हणालो. "फार दिवसांनी ऐकलं."

"मंग दुसरी बाजू लावू?"

"लावा," मी म्हणालो.