कढईचा लाल स्टिकर

तलासरीजवळच्या त्या कारखान्यात चिकूचा गर वाफेवरच्या मोठ्या कढईत शिजायचा आणि सव्वीस वर्षं ती कढई सुदाम सांभाळत होता. २०१६ सालच्या एका सोमवारी तो वेवजीहून कामावर आला, तर कढईच्या पोटावर लाल स्टिकर!

"पीयूषभाऊ, हे काय लावलं?"

पीयूष कारखान्याचा नवा इंजिनीअर. नुकताच प्रशिक्षण घेऊन आला होता आणि शिकलेलं सगळं त्याला आठवडाभरात अमलात आणायचं होतं. "काका, वाफेचा, हवेचा दाब असलेली जुनी भांडी सगळी सारखी तपासत बसायचं नाही. फुटायची शक्यता किती आणि फुटलं तर नुकसान किती, याचा हिशोब करायचा. धोका जास्त तिथे लाल. त्याची तपासणी आधी."

सुदामच्या कानांनी त्यातला 'फुटायची' एवढाच शब्द धरला. "म्हणजे भंगारात काढणार?"

"अहो नाही! फक्त तपासणी."

सुदामच्या मेव्हण्यालाही डॉक्टरांनी फक्त तपासणीसाठीच ठेवून घेतलं होतं. अठरा दिवसांनी सोडलं, तेही पित्ताशय काढून. शिवाय कढई गेली तर तिच्यामागोमाग आपणही घरी, हे त्याला स्पष्ट दिसत होतं.

पीयूष चहाला गेला. वाफेने डिंक सुटतो, हे सुदामला कोणी शिकवायची गरज नव्हती. त्याने लाल स्टिकर अलगद सोडवला, मागच्या अंगणातल्या हवेच्या टाकीवर लावला आणि तिचा हिरवा आणून कढईला चिकटवला. कढई कशी टवटवीत दिसायला लागली.

अर्ध्या तासात कँटीनवाली रखमी हातात डाव घेऊन ऑफिसात उभी राहिली. "माझ्या पाठीशी बॉम्ब ठेवला का? चुलीपासून चार हातांवर लाल टाकी! मी नाय रांधणार!"

रखमी रांधणार नाही म्हटल्यावर चाळीस माणसं हात धुऊन फाटकाबाहेर जाऊन बसली. नेमकी तेव्हाच मालक जतीनभाईंची गाडी आली.

"पीयूष, हे शू चाललंय?"

"सर, ती टाकी हिरवीच आहे. कागदावर आहे ना!"

"कागद लोकांना खायला घालू का? सगळ्यांसमोर तपास, हिरवा लाव, बस!"

पीयूषने पत्र्याची जाडी मोजायचं यंत्र आणलं. सगळे लांबून बघत होते. टाकीचा पत्रा मुळात आठ मिलिमीटरचा. बाजूला साडेसात भरला. पीयूष रखमीकडे बघून हसला, मग वाकून त्याने तळाला यंत्र लावलं. अडीच. पुसून पुन्हा लावलं. दोन पूर्णांक तीन.

"कंप्रेसर बंद करा! मागे व्हा सगळे!"

हवा हळूहळू सोडून दिल्यावर टाकीच्या तळाचा नळ उघडला, तर हवेतल्या दमटपणाने साचलेलं, गंजाचं तांबडं पाणी येत राहिलं, थांबेचना. त्या पाण्याने आतून तळ खाऊन टाकला होता. नकाशात टाकीशेजारी मोकळी जागा होती, म्हणून हिशोबात नुकसान कमी धरलं होतं. रखमीने मागल्या उन्हाळ्यात आंब्याच्या सावलीला चूल हलवली, हे नकाशाला कोण सांगणार?

"पण हिला लाल लावला कोणी?" पीयूष कागद चाळत म्हणाला.

"मी," सुदाम म्हणाला आणि सगळं कबूल करून मोकळा झाला. रागवावं की मिठी मारावी हे न कळून जतीनभाईंनी अच्छाडच्या ढाब्यावरून चाळीस थाळ्या मागवल्या.

जेवणं होईस्तोवर पीयूषने कढईही तपासली. ती चांगली धडधाकट निघाली. सुदामने लेकीचा निकाल लागल्यासारखा तोंडावरून हात फिरवला.

"काका, टाकी हिरवी झाली ती तुमच्याच उत्तरामुळे," पीयूष म्हणाला. "टाकीही तुमच्याकडेच, म्हणून आतलं पाणी रोज काढता का, असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, रोज."

"शेवटचं होळीच्या आधी काढलं होतं," सुदाम खाली बघत पुटपुटला.

पीयूषने कपाळाला हात लावला आणि नवा कागद घेतला. "चला, सगळं पहिल्यापासून लिहू. खरं खरं सांगा."

जतीनभाईही उत्सुकतेने खुर्ची ओढून शेजारी बसले. सुदामने त्यांच्याकडे पाहिलं, पीयूषकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

"शेठ, तुम्ही जरा जेवून घेता का?"

जतीनभाई थाळी उचलून आंब्याखाली गेले. ते पुरेसे लांब गेल्यावर सुदाम बोलायला लागला. पीयूषला त्या दिवशी आणखी सात कागद लागले.