सात लेखण्यांच्या खलित्याची हकीकत

श्रीलेखणी प्रसन्न. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, भाद्रपद-आश्विन मासी जे वर्तले ते साद्यंत लिहितो. मुलुखाचे नाव लिहीत नाही; तेथे राहणारांस ते ठाऊकच आहे. त्या मुलुखी ग्रंथ लिहिणारे उदंड, वाचणारे बेताचे, आणि दोहोंमध्ये उभे राहून दुसऱ्याचा मजकूर नीट करणारे संपादक म्हणोन एक मंडळी होती. त्यांनी आपला संघ स्थापिला आणि कारभार सात आसामींच्या मंडळाकडे दिला. त्याच साली दमयंतीबाई रेगे मंडळावर निवडून आल्या. बाई कामात चोख, स्वभावे भिडस्त, आणि मंडळात बसावयास मिळाले म्हणोन बहुत संतोष पावल्या; नवी साडी नेसून पहिल्या बैठकीस गेल्या आणि खुर्चीच्या कडेवर बसल्या. मंडळाची रीत ऐशी की, बाहेर जाणाऱ्या हरएक कागदावरून सातही लेखण्या फिराव्या, आणि ज्याने कागदात काही फिरविले नाही त्याने तो वाचिलाच नाही ऐसे समजावे. ही रीत कोणी घातली हे कोणास आठवेना, परंतु अभिमान सर्वांस होता.

ऐसे असता इंदुमतीबाई चेंदवणकर यांजवर प्रसंग गुदरला. या दमयंतीबाईंच्या जुन्या सोबती. दोघी एकाच मेजावर उमेदवारी करून काम शिकलेल्या. इंदुमतीबाई तात्यासाहेब नामे धन्याच्या ग्रंथशाळेत चाकरीस होत्या. तेथे एका बड्या कारखानदाराचे चरित्र छापावयास आले, आणि कारखान्यासाठी गावचे गायरान कैसे बळकाविले याचे एक प्रकरण लेखकाने त्यात लिहिले होते. कारखानदार म्हणाले हे गाळा, आणि तात्यासाहेबांनी मान डोलाविली, आणि इंदुमतीबाई म्हणाल्या, "प्रकरण खरं आहे, लेखकाला ते हवंय. मी काढणार नाही." मग बाईंसच काढिले. दसऱ्यास ग्रंथशाळेचे विश्वस्त जमून त्यावर शिक्कामोर्तब करणार होते. परंतु विश्वस्त संघास वचकून असत, कारण संघ रुसला तर चांगला संपादक त्यांची पायरी चढेना. सबब संघाचा कडक खलिता वेळेत गेला तर चाकरी वाचत होती. इंदुमतीबाईंचे वडील अंथरुणास खिळलेले, घरात दुसरे मिळवते कोणी नाही. त्या दमयंतीबाईंकडे आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "दमे, तू आता तिथं आहेस. एवढं कर." आणि चहा न घेता गेल्या.

मग दमयंतीबाईंनी एका बैठकीत खलिता लिहिला: इंदुमती चेंदवणकर यांनी आपले कर्तव्य केले, त्यांस काढिले हा अन्याय आहे, त्यांस परत घ्या, अन्यथा संघाचा एकही सभासद ग्रंथशाळेचे काम करणार नाही. अध्यक्ष बापूसाहेब हळबे यांनी वाचिला आणि चष्मा कपाळावर चढवोन बोलिले, "वा, जोरकस आहे! फक्त शेवटी आपण दरडावतोय असं वाटतं, नाही का?" मग धमकी गेली. दुसरे म्हणाले, "परत घ्या हा हुकूम झाला हो, आपण विनंती करू," आणि विनंती जाहली. तिसऱ्यांस अन्याय हा शब्द कोर्टकचेरीचा वाटला आणि तेथे खेद आला. मग चौथ्यांनी आरंभी ग्रंथशाळेच्या थोर परंपरेचा गौरव घातला, आणि पाचव्यांनी खेदही काढिला, गौरवाशेजारी तो शोभेना म्हणोन, आणि मग विनंतीस काही अर्थ उरला नाही म्हणोन सहाव्यांनी तीही काढिली. एकाच्याही मनी कपट नव्हते. दमयंतीबाईंनी दोनदा तोंड उघडिले आणि दोनदा मिटिले, कारण हरएक दुरुस्ती, एकेकटी पाहता, बरोबरच वाटत होती.

दसरा दोन दिवसांवर आला आणि कागद सातव्या लेखणीस, म्हणजे बाईंकडेच, परत आला. त्यात जिवंत ऐसे एकच वाक्य उरले होते, ते इंदुमतीबाईंनी कर्तव्य केल्याचे. बाकी सारे गुळगुळीत, तेणेकरून ते वाक्य भातात खडा लागावा तैसे लागे. बाईंनी एकदा वाचिले, पुन्हा वाचिले, आणि हात सवयीने चालला. वाक्य गेले. मजकूर ऐसा ओघवता जाहला की सारे मंडळ वाहवा करिते जाहले, आणि बाईंसही, खोटे कशास लिहावे, आनंद जाहला. खलिता त्याच दिवशी रवाना केला.

दसऱ्यास विश्वस्तांनी तो मोठ्याने वाचावयास लाविला. तात्यासाहेब गहिवरले, आणि म्हणाले, "बघा, संघ आपल्या पाठीशी आहे," आणि इंदुमतीबाईंस काढिल्याचा ठराव एकमताने मंजूर जाहला, आणि चरित्र गायरानावाचून छापावयास गेले. मग दमयंतीबाई खलित्याची नक्कल घेऊन सोबतिणीच्या घरी गेल्या. इंदुमतीबाईंनी वडिलांस पेज भरविता भरविता कागद डाव्या हाती धरिला आणि सावकाश, ओळीवर ओळ, संपादकाने वाचावा तैसा वाचिला. वाचून म्हणाल्या, "छान झालंय गं. कुठं अडखळायला होत नाही." मग कागद उलटून मागची बाजू पाहिली आणि पुसिले, "पण हे कुणाबद्दल आहे?"

दमयंतीबाईंस रडू आले. इंदुमतीबाईंनी वाटी खाली ठेविली नाही.

येणेप्रमाणे खलिता निर्दोष जाहला. संघ राहिला, मंडळ राहिले, ग्रंथशाळा राहिली. इंदुमतीबाई तेवढ्या त्यात न राहिल्या. लेखनसीमा.