परत करायची खुर्ची

मसाज खुर्चीला जागा करायला नमिताला टीव्हीचं टेबल गॅलरीत काढावं लागलं. मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत खुर्ची मांडल्यावर माणसांनी आडवंच चालायचं उरलं.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"स्कोअर," तिचा नवरा प्रज्योत म्हणाला.

दिंडोशीला त्यांनी तीन खोल्यांचं घर बघून ठेवलं होतं. प्रज्योतचे वडील, नाना, स्वयंपाकघरात झोपत. नव्या घरात त्यांना स्वतःची खोली मिळणार होती. अडलं होतं कर्जापाशी. बँकेतल्या माधुरी मॅडम म्हणाल्या होत्या, "तुमचा क्रेडिट स्कोअर जरा काठावर आहे. सुधारला की या." कसा सुधारायचा, हे विचारायला प्रज्योत लाजला. मग त्याने ऑफिसातल्या मुकुलला विचारलं. मुकुल इतक्या ठामपणे बोलायचा की त्याचं कुणी तपासून बघत नसे.

"सोप्पं आहे यार. कार्ड वापरलंच नाहीस तर स्कोअर वाढणार कुठून? मोठी वस्तू घे, आठवड्यात परत कर. पैसे कार्डावर परत. बँकेला वाटतं, माणूस तगडा आहे!"

म्हणून ही खुर्ची. कार्डाची मर्यादा एकट्या खुर्चीने जवळजवळ संपवली होती.

"कुणी बसायचं नाही," प्रज्योतने बजावलं. "प्लास्टिकसुद्धा काढायचं नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला, तेव्हा प्लास्टिक दाराआड पडलं होतं आणि नाना पाय वर करून खुर्चीत थरथरत होते.

"नाना! परत करायचीय ती!"

"क-क-कर की," नाना डोळे न उघडता म्हणाले. "ए-एवढा राउंड होऊ दे."

"अहो, पण..."

"जन्मभर लेथवर उभा होतो रे, प्रज्या. पाठीला कुणी हात लावलेला आठवत नाही."

प्रज्योतने दाराआडचं प्लास्टिक उचललं. तो आडवा चालत हातपाय धुवायला गेला.

शेजारच्या कमलकाकूंना भिंतीतून घरघर ऐकू आली. त्या कंबर दाखवायला आल्या आणि जाताना खुर्चीचं खोकं गोधड्या ठेवायला घेऊन गेल्या. मग त्यांची बहीण आली. मग बहिणीच्या भिशीतल्या बायका आल्या. नमिता चहा करकरून दमली आणि शेवटी स्वतःच खुर्चीत बसली.

"प्रज्योत, स्कोअर झकास आहे रे," ती म्हणाली.

मुदत संपायच्या दिवशी दुकानातून निरोप आला, मूळ खोक्याशिवाय परत घेणार नाही. प्रज्योत काकूंकडे धावला.

"आत्ता गोधड्या काढू?" काकू म्हणाल्या. "बरं, काढते. पण आधी एक राउंड."

खुर्ची लिफ्टमध्ये मावेना. चौघांनी खांदा देऊन ती जिन्याने उतरवली. मागून मान खाली घालून नाना, त्यांच्यामागे काकू आणि भिशीतल्या दोघी. ते दृश्य बघून खालच्या वॉचमनने टोपी काढली.

"पैसे कार्डावर येतील," दुकानाचे मॅनेजर राजेश म्हणाले. "पण वेळ लागेल."

त्याआधी कार्डाचं बिल आलं. प्रज्योतने पुन्हा मुकुलला विचारलं. "खुर्ची परत केलीस ना? मग बिल कसलं भरतोस?" मुकुल म्हणाला. प्रज्योतने भरलं नाही. पैसे परत आले, पण बिलाची तारीख उलटून गेल्यावर.

माधुरी मॅडमनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि चष्मा काढला. "स्कोअर खाली आलाय."

"पण मी केवढा खर्च केला!"

"म्हणूनच. मर्यादा संपेपर्यंत कार्ड वापरलं की माणूस ओढाताणीत आहे असं दिसतं. वर बिल चुकवलंत."

"वस्तू परत केली होती, मॅडम."

"दुकानाला केलीत. रिफंड कार्डावर जमा होत नाही तोवर बिल भरावंच लागतं."

"मग वाढवायचा कसा?"

"थोडं वापरा, तारखेच्या आत पूर्ण भरा. काही महिन्यांनी या. आणि कुणाला विचारायचंच असेल, तर मला विचारा."

दिंडोशीचं घर तोवर थांबेल का, याचा विचार करत प्रज्योत बाहेर पडला. तेवढ्यात दुकानातून राजेशांचा फोन आला. "तुमचे वडील आमच्याकडे आहेत. जरा येता का?"

नाना हल्ली रोज दुपारी वाचनालयात जातो म्हणून सांगत. प्रज्योत रिक्षाने दुकानात पोचला. वापरलेली ती खुर्ची नवी म्हणून विकता येईना, म्हणून दुकानाने ती डेमोला दर्शनी भागात मांडली होती. तिच्यात नाना बारीक घोरत होते. समोर पाचसहा गिऱ्हाइकं, देवळात उभी राहावीत तशी, गप्प उभी होती.

"सॉरी, लगेच घेऊन जातो," प्रज्योत पुटपुटला.

"श्श! उठवू नका!" राजेशनी त्याचा दंड धरला. "हे यायला लागल्यापासून चार खुर्च्या गेल्यात. आमचा सेल्समन घसा कोरडा करतो, कुणी ऐकत नाही. हे नुसते झोपतात! दुपारी इथे यायचा पगार देऊ म्हणतो. तुमची परवानगी हवी होती."

प्रज्योतने नानांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतकं निवांत त्यांना त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"त्यांनाच विचारा," तो म्हणाला.

घोरणं थांबलं. नानांनी एक डोळा उघडला.

"रविवारी सुट्टी."

"नाना, रविवारीच तर खरी गर्दी असते," राजेश अजिजीने म्हणाले.

नानांनी पाय आणखी लांब केले.

"मग ओव्हरटाइम लागेल," ते म्हणाले, आणि डोळा मिटून पुन्हा कामाला लागले.