पाशाचा उपास

"बोक्यानं आज पुन्हा काहीतरी गिळलंय," जनावरांच्या डॉक्टरांनी जाहीर केलं. "भरल्या पोटी भूल दिली तर जिवावर बेतेल. घेऊन जा घरी!"

तफीदाबाईंनी पिंजऱ्यातल्या पाशाकडे खाऊ की गिळू अशा नजरेनं पाहिलं. पाशा निवांत मिशा चाटत होता.

बाई अलेक्झांड्रियातल्या अन्फूशीच्या एका गल्लीत राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. जिन्याखालच्या मांजरांचा सगळा गोतावळा त्यांनी पोसलेला, आणि त्यातल्या बहुतेक पिल्लांचा बाप हा पाशा! घरमालक हाजी बयूमींनी तर बजावूनच ठेवलं होतं, "ईदेच्या आत ह्या बोक्याची नसबंदी झाली नाही, तर सगळी मांजरं पोत्यात भरून शहराबाहेर सोडीन. ही माझी इमारत आहे, बाळंतपणाचा दवाखाना नाही!" ईद तोंडावर आलेली. डॉक्टरांनी आता शेवटची संधी दिली होती, उद्या दुपारची.

बाई तरातरा गल्लीत आल्या. "कुणी खायला घातलं ह्याला? खरं सांगा!"

इस्त्रीवाला शिहाता सदऱ्याची एकच बाही पुन्हा पुन्हा दाबत राहिला. "चीजचा तुकडा दिला बाई. एवढासाच. दारात येऊन बसला हो!"

"मी नुसती माशाची डोकी टाकली," शेजारची उम्म रशाद म्हणाली. "डोकी म्हणजे काय जेवण झालं?"

"अहो, रमजानात अख्खी गल्ली दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाही, आणि एका बोक्याचा एक उपास तुम्हाला बघवत नाही?"

"आपला रोजा अल्लासाठी असतो बाई," शिहाता म्हणाला. "त्या बिचाऱ्यानं कुणाचं काय घोडं मारलंय? आधी उपाशी ठेवायचं, वर त्याचं ते... ते पण कापायचं!"

बाईंनी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांनी पाशाला उचलून आपल्या घरात कोंडलं. दाराला कडी, खिडक्या बंद. पाशानं असा काही टाहो फोडला की खाली शिहातानं रेडिओ मोठा केला. शेवटी बाईंनाच दया आली. निदान हवा तरी खाऊ दे, म्हणून त्यांनी बाल्कनीचं दार तेवढं उघडलं.

थोड्या वेळानं टाहो थांबला. फारच एकदम थांबला. बाई धावत बाल्कनीत गेल्या.

वरून दोरीला बांधलेली टोपली हळूहळू खाली येत होती, भाजीवाल्यासाठी रोज सोडतात तशी. टोपलीत परतलेली कलेजी! पाशा मागच्या पायांवर उभा राहून तिच्या स्वागताला तयार. बाईंनी झडप घालून टोपली धरली आणि दोरीला हिसका दिला. वर बघतात तो काय, कठड्यावरून खुद्द हाजी बयूमी डोकावत होते.

"हाजीसाहेब! तुम्ही?"

"हळू बोला, हळू! त्याचं रडणं ऐकवेना हो. मी उपाशी, तोही उपाशी."

"आणि पोत्यात भरणार होतात ते?"

हाजी कठड्यामागे लपायला बघू लागले.

"थांबा, गल्लीला सांगतेच आता."

"नका हो! माझी काय इज्जत राहील? राहू देत तुमची मांजरं. चला, पिंजरा मी धरतो."

दुपारी ऑपरेशन एकदाचं पार पडलं. संध्याकाळी पाशा परत आला तो नसबंदीची खूण म्हणून कानाचं टोक कापलेला, भुलीनं झिंगलेला. "रात्रीपर्यंत ह्याला काही देऊ नका," डॉक्टरांनी बजावलं होतं. जिन्याखाली बाई राखणीला बसल्या. तेवढ्यात रोजा सोडायची तोफ झाली आणि गल्ली जेवायला बसली. हाजी मात्र खजूर हातात धरून जिन्यात उभेच.

"ह्याला कधी द्यायचं?"

"अजून वेळ आहे. तुम्ही सोडा रोजा."

हाजींनी पाशाकडे पाठ करून कसाबसा खजूर तोंडात टाकला. पाशानं डोळे किलकिले केले आणि केविलवाणं "म्यांव" केलं. हाजी गर्रकन वळले आणि बाईंच्या लपवलेल्या हाताकडे बघतच राहिले.

"बाई, हात पुढे करा."

"कशाला?"

"करा तर खरं."

बाईंनी ओढणीआडची मूठ नाइलाजानं उघडली. मुठीत सकाळची कलेजी होती.

"एवढीशीच आहे हो," बाई म्हणाल्या.