सॅम्पल फ्लॅटमधला वर्ग

लोक घर बघायला जातात, म्हणून फसतात. मी घर तपासायला गेलो होतो!

सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात गेली. दिशा, वारा, ऊन आणि उतार ज्याला पक्के ठाऊक, त्याला बिल्डर काय फसवणार? उल्हासनगर कॅम्प पाचमधली भाड्याची खोली सोडायची वेळ आली, तेव्हा मी आमच्या सौभाग्यवतींना, म्हणजे संजीवनीला, ऐटीत सांगून टाकलं, "तू फक्त पडद्यांचा रंग ठरव. बाकी सगळं माझ्यावर सोड."

"पडद्यांचा रंग ठरलाय," ती म्हणाली. "बाकीच्याचीच काळजी आहे."

खोली सोडणं भाग होतं. घरमालक खूबचंदशेठच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि नव्या जोडप्याला आमचीच खोली लागणार होती. "मास्टरजी, आराम से ढूंढो," शेठ म्हणाले, "लेकिन जल्दी!"

माझी अडचण वेगळी होती. संध्याकाळी आजूबाजूची मुलं माझ्याकडे शिकायला येतात. फी नाही, छडी नाही. नियम एकच आणि तोही माझ्यासाठी: मुलाने विचारलेला प्रश्न टाळायचा नाही. तर ही सगळी पलटण मावेल अशी गॅलरी नव्या घराला हवी होती. हल्ली बिल्डर ज्याला गॅलरी म्हणतात, तिथे तुळस ठेवली की माणसाला आत यावं लागतं.

शोधता शोधता बदलापूर पूर्वेला शिरगावात पोहोचलो. तिथे इमारती अळंब्यांसारख्या उगवतात. गेल्या खेपेला ज्या जागेवर म्हशी रवंथ करत होत्या, तिथे या खेपेला 'क्लब हाऊस'ची पाटी होती. म्हशी मात्र तिथेच होत्या.

इमारत तयार होती. टाय लावलेला विक्रांत नावाचा तरुण आम्हाला तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेला. त्या मजल्यावर दोनच फ्लॅट शिल्लक होते, तीनशे एक आणि तीनशे चार. मी पिशवीतून माझी हत्यारं काढली: होकायंत्र, लाकडी मोजपट्टी आणि एक काचेची गोटी.

"गोटी कशाला, सर?" विक्रांतने विचारलं.

"जमिनीची परीक्षा घ्यायला."

तीनशे एकच्या हॉलमध्ये गोटी ठेवली. ती बाहेरच्या दाराकडे अशी धावली, जणू शाळा सुटली! शिवाय खिडक्या सगळ्या पश्चिमेला. नापास.

तीनशे चार मात्र पहिल्या नंबराने पास झाला. कोपऱ्यावरचा, गॅलरी पूर्वेला, समोर डोंगराची रांग, आणि गॅलरी एवढी की माझा अख्खा वर्ग मांडी घालून बसेल. गोटी ठेवली तिथेच ध्यानस्थ बसली. संजीवनीने खिडकीला मनातल्या मनात पडदा लावूनही टाकला.

"मग सर, टोकन टाका, लगेच लॉक करतो," विक्रांत म्हणाला.

मी खिशात हात घातला. संजीवनीने तो तिथेच धरला. "किती वाजले?"

"साडेचार होऊन गेले."

"आज रविवार. राहुकाळ लागला. सहापर्यंत काही द्यायचं नाही."

"मॅडम, संडेला पब्लिक तुटून पडते," विक्रांत काकुळतीला आला. "टोकनशिवाय मी पकडून नाही ठेवू शकत. आमची सिस्टिम ऑनलाइन आहे, तिला राहुकाळ कळत नाही!"

"तिला नसेल कळत. मला कळतो."

राहुकाळ मी मानत नाही. पण संजीवनीला मानतो. ती तळमजल्यावरच्या ऑफिसात बुकिंगच्या टेबलासमोर खुर्ची टाकून बसली. सहा वाजले की पहिला नंबर आपला, हा तिचा हिशेब. "तुम्ही कुठे तरी शांत बसा," तिने मला बजावलं. "कुणाशी बोलू नका."

मी पहिल्या मजल्यावरच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये गेलो. तिथे एसी होता, सोफा होता. चपला काढल्या आणि खरंच शांत बसलो. चांगली दहा मिनिटं!

मग एक कुटुंब आलं. नवरा-बायको आणि आठ-नऊ वर्षांचा मुलगा. मुलाने कपाटातलं जाडजूड पुस्तक ओढलं, तर आतून पोकळ. नुसतं खोकं!

"आजोबा, यात काहीच नाही!"

आता सांगा, शिक्षकाने गप्प बसायचं?

"शाब्बास! नाव काय तुझं?"

"सम्यक."

"सम्यक, आता त्या पलंगावर झोपून दाखव."

तो बरोब्बर मावला. मग मी त्याच्या वडिलांना झोपायला सांगितलं. ते भिडेने आडवे झाले, तर गुडघ्यापासून खालचे पाय हवेत!

"आता सांग, पलंग छोटा का केला?"

सम्यकने डोकं खाजवलं. "खोली मोठी दिसायला?"

"पैकीच्या पैकी!"

त्याच्या आईने, मायाताईंनी, टाळ्या वाजवल्या. आवाज ऐकून दुसरं कुटुंब आत आलं, मग तिसरं. चपला काढून घरच्यासारखा बसलेला म्हातारा दिसल्यावर मी कंपनीचाच माणूस, असा सगळ्यांनी समज करून घेतला. "काका, पाणी कधी येतं?" "सर, पार्किंग मिळणार ना?" जे ठाऊक नव्हतं, ते ठाऊक नाही म्हणून सांगितलं. त्याने तर लोकांचा विश्वास भलताच वाढला!

"बिल्डरचा माणूस आणि खरं बोलतोय," एक गृहस्थ बायकोच्या कानात म्हणाले. "आपण इथंच घेऊ!"

विक्रांत धावत आला. मी नकली टीव्हीवर टिचकी मारून पुठ्ठ्याचा आवाज ऐकवत होतो. "सर, प्लीज! माझी नोकरी जाईल!" पण मग लोक माझ्याकडून उठून सरळ बुकिंगच्या टेबलाकडे जाताना त्याने पाहिले. तो गेला आणि माझ्यासाठी चहा घेऊन आला. सोबत बिस्किटंही.

तोवर मुलं सतरंजीवर ओळीत बसली होती आणि आईबाप मागे भिंतीला टेकून उभे होते. मला तर पुन्हा वर्गात उभं राहिल्यासारखं झालं! मी इमारतीच्या माहितीपत्रकाच्या पाठीवर तिसऱ्या मजल्याचा नकाशा काढला.

"सूर्य दुपारनंतर कुठे?"

"पश्चिमेला!" वर्ग ओरडला.

"मग उन्हाळ्यात कुठलं घर तापेल?"

"तीनशे एक!" सम्यक.

"आणि सकाळचं कोवळं ऊन, समोर डोंगर, खेळायला गॅलरी, गोटी जिथल्या तिथे! असं घर कुठलं?"

"तीनशे चार!"

"मग शहाण्या माणसाने कुठलं घ्यावं?"

"तीनशे चार! तीनशे चार!"

"वा, बेटा!" मी सम्यकची पाठ थोपटली. त्याच्या वडिलांनी मायाताईंकडे पाहिलं, मायाताईंनी मान हलवली, आणि ते दोघं खाली गेले. मी वाऱ्याच्या दिशेकडे वळलो. चांगला रंगलेला वर्ग मध्येच कोण सोडतो?

सहाला खाली उतरलो, तर संजीवनी पेढा खात बसली होती.

"कसला पेढा?"

"अहो, त्या सुजितरावांनी फ्लॅट बुक केला. भला माणूस! मी म्हटलं, राहुकाळ आहे, थांबा थोडं. तर म्हणाले, आम्ही नाही मानत, काकू. त्यांचं पेन चालेना, मीच माझं दिलं सहीला." तिने पदराला हात पुसले आणि विक्रांतकडे वळली. "हं, राहुकाळ संपला. तीनशे चार!"

विक्रांत टायशी खेळू लागला. "मॅडम... तो आत्ताच गेला. तुमच्या पेनने."

तेवढ्यात मागून सुजितराव, म्हणजे सम्यकचे वडील, आले आणि मला वाकून नमस्कार केला. "सर, तुम्ही भेटला नसता तर आम्ही ते तीनशे एक घेऊन बसलो असतो! स्वस्तात देत होते ना!"

सम्यक माझा हात धरून उड्या मारत होता. त्याच्यासमोर मी काय बोलणार?

"अभिनंदन," मी म्हणालो.

"कुणाशी बोलू नका म्हटलं होतं," संजीवनी पुटपुटली.

"आणि मी म्हटलं होतं टोकन देऊ या!"

इकडे खूबचंदशेठकडे लग्नाचा मांडव पडायचा होता. त्या इमारतीत आमच्या ऐपतीतला एकच फ्लॅट उरला होता. विक्रांतने तो मोठ्या आदराने दाखवला. तुम्ही ओळखलंच असेल. वर्गानेही ओळखला असता.

आता आम्ही तीनशे एकमध्ये राहतो. दुपारी भिंत अशी तापते की संजीवनी तिला टेकवून पापड वाळवते. हॉलमध्ये गोटी सोडली की ती थेट दार गाठते. तिलाही समोरच्या घरीच जायचं असावं. कारण वर्ग आता तिथेच भरतो! सुजितराव स्वतः येऊन म्हणाले, "सर, आमची गॅलरी मोकळीच असते. पोरांना तिथंच बसवा." ती सगळी मावतात. माझं माप चुकलं नव्हतं.

परवा तिथे दिशा शिकवत होतो. मायाताई आणि संजीवनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. सम्यकने हात वर केला.

"सर, पश्चिमेचं घर तापतं, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"होतं."

"आणि तिथे गोटी घरंगळते, तेही?"

"तेही."

"मग तुम्ही तीनशे एक का घेतलं?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघू लागला. संजीवनीही कप हातात धरून बघू लागली. तिला उत्तर ऐकायची फारच उत्सुकता दिसली.

मुलाचा प्रश्न टाळायचा नाही, हा माझा नियम मी वर सांगितलाच आहे. तो अजूनही आहे. फक्त त्या दिवशी मी म्हणालो, "चला, वह्या काढा!"